खिडकीचे माप आणि लिपी

‘ईमॅक्स’ हा हवा तसा घडवता येणारा मजकूर-संपादक १९७६ साली एमआयटीत जन्मला. त्या काळी पडदा ओळी आणि स्तंभांतच मोजला जाई. ऐंशी स्तंभांची रूढ रुंदी तर आयबीएमच्या १९२८ सालच्या पंच कार्डापासून चालत आलेली. पुढे १९८५ सालच्या जीएनयू ईमॅक्सनेही पडद्यावरील खिडक्या याच मापाने लहानमोठ्या केल्या. पिक्सेलचे सूक्ष्म माप २०१४ साली आले, तेही ऐच्छिक. मात्र एक अक्षर म्हणजे एक स्तंभ, हे गृहीतक टंकयंत्रावरील समरुंद रोमन अक्षरांचे. देवनागरीतील ‘स्त्री’ एक अक्षर, पण संगणकाच्या हिशेबी सहा चिन्हे. तिला किती स्तंभ द्यावेत? मापपट्टी तटस्थ नसते. ती घडवणाऱ्याची लिपी तिच्यात दडलेली असते.