विचारवंतांना उलट विचारताना

घरच्यांनी ठरवलेलं लग्न मोडावं का, दुरावलेल्या भावाशी आपणहून बोलावं का, नोकरी सुटल्यावर ‘मी कोण’ याचं उत्तर काय द्यायचं? असे प्रश्न घेऊन माणसं ज्योतिषाकडे जातात, मैत्रिणीकडे जातात, अलीकडे समुपदेशकाकडेही जातात. तत्त्वज्ञाकडे जावं, हे फारसं कोणाला सुचत नाही. गेर्ड आखेनबाख यांनी १९८१ साली जर्मनीत कोलोनजवळ नेमकं यासाठीच दार उघडलं आणि तत्त्वज्ञानाच्या आधारे समुपदेशन करण्याचं आधुनिक क्षेत्र तिथून वाढत गेलं. परंपरा अर्थातच जुनी आहे. रोमन तत्त्वज्ञ सेनेकाने आपला मित्र ल्युसिलियसला लिहिलेली १२४ पत्रं आजही उपलब्ध आहेत, आणि त्यांत मैत्री, प्रवास, म्हातारपण, मरणाची भीती असे रोजचेच विषय आहेत.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याने मात्र सेनेकाच्या आधी एका राजकन्येची पत्रं वाचावीत, असं मला वाटतं. बोहेमियाची एलिझाबेथ. वडिलांचं राज्य गेलेलं, कुटुंब हेगमध्ये निर्वासित. १६४३ च्या मे महिन्यात, चोविसाव्या वर्षी, तिने फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तला विचारलं की आत्मा जर जड नाही, तर तो शरीराला हलवतो कसा? या प्रश्नासाठी ती तत्त्वज्ञानाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. मला तिची १६४५ मधली पत्रं जास्त मोलाची वाटतात. त्या वर्षी ती आजारी होती. बारीक ताप आणि कोरडा खोकला हटत नव्हता. या दुखण्याचं मूळ दुःखात आहे, असं देकार्तचं निदान होतं. पुढे त्याने सेनेकाचा सुखी जीवनावरचा ग्रंथ दोघांनी मिळून वाचावा असं सुचवलं. थोड्याच दिवसांत सेनेकाची मांडणी त्याला स्वतःलाच अपुरी वाटू लागली.

एलिझाबेथ नुसती ऐकून घेणारी नव्हती. बुद्धीचा नीट वापर केला की माणूस सुखी होतो, या म्हणण्यावर तिने विचारलं: ज्या आजारात विचार करण्याची शक्तीच हिरावली जाते, त्याचं काय? हा आक्षेप सुखवस्तू अभ्यासिकेत सुचणारा नव्हे. शरीर थकलेलं, घराण्याच्या चिंता डोक्यावर, अशा बाईने तो घेतला होता. भावनांबद्दल ती खोदून विचारत राहिली आणि त्या पत्रव्यवहारातूनच देकार्तचा १६४९ मधला भावनांवरचा ग्रंथ आकाराला आला. सल्ला मागणारीने सल्ला देणाऱ्याला पुढे नेलं!

आपल्या अडचणीत थोरांचे विचार वापरायचे ते असे. त्यांना आपली परिस्थिती सांगायची, आणि उत्तर लागू पडत नसेल तर तसं बजावायचं. हे केलं नाही तर अपाय होऊ शकतो. जे आपल्या हाती नाही त्यावर जीव जडवू नये, ही एपिक्टेटसची शिकवण गुलामीत जन्मलेल्या माणसाने कमावलेली आहे. तिच्यात खरं बळ आहे. पण नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला कोणी तीच शिकवण ऐकवली, तर ती तिला घरात डांबून ठेवेल. तिथे सिमोन द बोव्हारचं १९४९ मधलं स्त्रीविषयक लेखन हाताशी हवं. बाईपण समाजात घडवलं जातं, हे एकदा उमगलं की ‘माझा स्वभावच सोशिक’ या वाक्याकडेही संशयाने पाहता येतं. डॅनिश तत्त्वज्ञ कीर्केगॉरने १८४१ मध्ये रेगीनेशी ठरलेलं लग्न मोडलं, त्याचं अनुकरण कोणी करू नये. निवडीचं ओझं कसं असतं, हे समजून घ्यायला मात्र त्याच्याइतका सोबती मिळणं कठीण.

या वाटेवर येणाऱ्याला पदवी लागत नाही. मराठी वाचकाला तर एक दार आधीच उघडं आहे. अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीमागे एपिक्टेटसचा विचार आहे आणि ती पद्धत कि. मो. फडके यांनी मराठीत आणली. तिथून सुरुवात करावी, मग मूळ एपिक्टेटस वाचावा, आणि समासात आपले आक्षेप पेन्सिलीने लिहीत जावेत.