अहवाल कोणासाठी लिहिला होता? वऱ्हाडातल्या मिशनचे कागद वाचताना

वऱ्हाडातल्या ख्रिस्ती मिशनचा विषय काढला की दोन उत्तरं तयारच असतात. पहिलं : 'त्यांनी दुष्काळात पोरं वाचवली, शाळा काढल्या, दवाखाने काढले.' दुसरं : 'त्यांनी भुकेचा फायदा घेऊन लोक बाटवले.' वाद घालायला दोन्ही सोयीची आहेत. पण जरा शाळेतलं व्याकरण आठवा. दोन्ही वाक्यांत कर्ता मिशनरीच आहे. अकोल्याचा, खामगावचा, मेळघाटातला माणूस दोन्हीकडे नुसता कर्म.

संशोधनाला सुरुवात करणाऱ्यांनी आधी ही अडचण ओळखावी, कारण आपल्या हाती येणारे बरेचसे कागदही याच व्याकरणात लिहिलेले आहेत.

आधी जागा समजून घेऊ. 1853 च्या तहानं निजामानं वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे सोपवला. पुढे अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे (1861-65) तिथला कापूस अडला आणि इथल्या कापसाला भाव आला. 1867 मध्ये रेल्वे भुसावळकडून वऱ्हाडातून नागपूरला पोचली. खामगाव आणि अमरावती या बाजारपेठांना फाटे जोडले गेले. आता नकाशा घ्या आणि ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या अमेरिकन संस्थेची इथली ठाणी त्यावर मांडा : मलकापूर, खामगाव, अकोला, मूर्तिजापूर, अमरावती, चांदूर. ही तर कापसाच्या गाड्यांचीच वाट! मिशनचा इतिहास चर्चच्या दारापासून सुरू होत नाही, तो बाजारपेठेपासून सुरू होतो. हे कुठल्याही अहवालात ठळक लिहिलेलं नसतं, ठाण्यांची यादी नकाशावर ठेवली की दिसतं.

आता मुख्य प्रश्न. अहवाल कोणासाठी लिहिला होता?

न्यूयॉर्कच्या ए. बी. सिम्प्सन यांच्या पुढाकारानं 1887 मध्ये उभं राहिलेलं अलायन्सचं काम देणग्यांवर चालायचं. म्हणजे अकोल्यात लिहिलेल्या पत्राचा वाचक अकोल्यात नव्हता. तो समुद्रापलीकडच्या एखाद्या चर्चमध्ये बसलेला होता आणि त्याचं मन द्रवलं तरच पुढच्या वर्षी पैसे येणार होते. म्हणून अशा लेखनात अंधार फार गडद असतो आणि उजेड फार लख्ख. याला सरळ खोटं म्हणू नका. ती त्या लेखनप्रकाराची गरज होती.

जेनी फुलर यांचं उदाहरण घेऊ. वऱ्हाडात काम केलेल्या या मिशनरी बाईंचं भारतीय स्त्रियांवरच्या अन्यायांबद्दलचं इंग्रजी पुस्तक 1900 मध्ये आलं. प्रस्तावना पंडिता रमाबाईंची. बालविवाह, विधवा, मुरळी असे विषय त्यात आहेत. पुस्तक कळकळीनं लिहिलेलं आहे, त्यातले अन्यायही खरे आहेत. पण शीर्षकातच सगळी भारतीय स्त्री आहे. वऱ्हाडात काय होतं? कुणबी आणि इतर अनेक शेतकरी जातींत विधवेचा पाट लागत असे. कापूस वेचायला, निंदणाला बायाच असत. म्हणजे विधवेच्या पुनर्विवाहाची बंदी हा प्रामुख्यानं वरच्या जातींचा प्रश्न होता. शेतमजूर बाईचे प्रश्न वेगळे होते : मजुरी, सावकार, ज्वारीचा भाव. दूरच्या वाचकासाठी लिहिताना हा फरक पुसट होतो. तो परत ठळक करणं हे आपलं काम.

मग येतो दुष्काळ. 1896-97 चा आणि त्याहून भयंकर 1899-1900 चा. 1891 च्या जनगणनेत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे 29 लाख होती, 1901 मध्ये ती साडेसत्तावीस लाखांवर आली. कापसाच्या मुलखात शेतमजुराचं काम गेलं की धान्य विकत घ्यायची ताकदही जाते. लक्ष्मण सत्य यांचं वऱ्हाडातला कापूस आणि दुष्काळ यांवरचं पुस्तक यासाठी जरूर वाचा. या काळात अलायन्सनं अकोल्यात मुलांचं आणि खामगावात मुलींचं अनाथालय चालवलं.

इथे खरी परीक्षा आहे. अशा अहवालांत मुलं बहुधा आकड्यांनी येतात : इतकी घेतली, इतकी दगावली, इतक्यांचा बाप्तिस्मा झाला. पण 'अनाथ' हा शब्द तपासून बघा. दुष्काळात पोर सोडणारी आई दरवेळी मेलेली नसते. कधी ती पोर जगावं म्हणूनच त्याला दारात ठेवते. तो तिचा निर्णय असतो. 'वाचवली' म्हटलं तरी तो निर्णय गायब, 'बाटवली' म्हटलं तरी गायब. त्या मुलांचे नातू-पणतू आज याच भागात असतील. 'पोटासाठी बाटलेले' हा टोमणा त्यांनी ऐकायचा, आणि तो खरा-खोटा करायचं साधन आपल्या हातात. म्हणून सांगतो, हा विषय नुसता जुन्या कागदांचा नाही.

याच कागदांतून लोक दिसूही शकतात. जॉन ड्रेक या मिशनऱ्यानं लिहिलेलं कोरकू भाषेचं व्याकरण 1903 मध्ये कलकत्त्याला छापलं गेलं. मुखपृष्ठावर नाव ड्रेकचं. पण व्याकरण लिहायचं तर बोलणारा माणूस समोर लागतो. चुकीचं रूप ऐकून 'असं नाही म्हणत' सांगणारा कोणीतरी कोरकू गुरू होताच. प्रत्येक नियमामागे त्याचं ज्ञान आहे. तसं वाचलं की मिशनरी विद्यार्थी होतो आणि कर्ता बदलतो.

दवाखान्यांचंही तसंच. अचलपूरजवळ कोठारा इथे मिशनचा कुष्ठाश्रम होता. 1946 मध्ये अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभं केलं. एकच जिल्हा, एकच रोग, प्रेरणा वेगळ्या. 'मिशनरी सेवा का करत होते?' एवढंच विचारत बसण्यापेक्षा दोन्हीकडची दिनचर्या, कामं, लग्नाचे नियम, घरी परतण्याची मुभा ताडून बघा. रुग्णाच्या बाजूनं काय बदललं, ते तिथे सापडेल.

शेवटी कामाचं सांगतो. 1903 पर्यंत वऱ्हाड हैदराबादच्या रेसिडेंटाच्या हाताखाली होता, नंतर मध्य प्रांताला जोडला गेला. त्यामुळे फक्त नागपूरच्या अभिलेखागारात बसून भागत नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या परराष्ट्र खात्याच्या फायलीही बघाव्या लागतात. चर्चची बाप्तिस्मा आणि लग्नाची नोंदवही मिळाली तर ती सगळ्यांत आधी वाचा. देणगीदारासाठी न लिहिलेला तो कागद आहे, आणि माणसं तिथे नावानिशी भेटतात.