काचेच्या टाकीतला क्रेफिश

क्रेफिश हा गोड्या पाण्यातील दहा पायांचा कवचधारी प्राणी. समुद्रातील शेवंडाचा हा नातलग, आणि दिसायलाही त्याचीच लहान प्रतिकृती. नावात 'फिश' असला तरी माशांशी त्याचे नाते नाही. भारतात तो निसर्गतः कोठेही आढळत नाही. त्यामुळे शोभेच्या माशांच्या दुकानातून घरी येणारा क्रेफिश मुळात परदेशी कुळाचाच असतो.

साठ-सत्तर लिटर पाण्याच्या टाकीत एकच क्रेफिश ठेवणे इष्ट. दोन ठेवल्यास जागेवरून झुंज ठरलेली. लपण्यासाठी दगडांची कपार किंवा मातीच्या कुंडीचा तुकडा हवाच. टाकीवर घट्ट झाकण असावे, कारण हवेच्या नळीला धरून वर चढणे आणि रात्रीतून पसार होणे यात तो वाकबगार असतो. पाणवनस्पती तो फस्त करतो आणि तळाशी संथ वावरणारे मासेही पकडतो; तेव्हा रंगीत माशांच्या टाकीची शोभा वाढवण्यासाठी त्याला आणू नये. खाण्यात मटार, उकडलेली पालेभाजी, तळाशी बसणाऱ्या गोळ्या आणि अधूनमधून कोळंबीचा तुकडा पुरतो. देशी बदामाची वाळलेली पानेही तो आवडीने कुरतडतो.

खरी कसोटी कात टाकण्याच्या वेळी. शरीर वाढते, पण कवच वाढत नाही. त्याआधी काही दिवस तो अन्न सोडतो, कपारीत बसून राहतो. जुन्या कवचातील थोडे कॅल्शियम पोटात दोन पांढऱ्या गुंड्यांच्या रूपाने साठवले जाते. मग पाठीकडून कवच उकलते आणि मिशा, नांग्या, डोळ्यांवरील आवरणासह अखंड कात मागे राहते. अनेक नवशिके तिलाच मेलेला क्रेफिश समजून फेकून देतात. ती टाकीतच राहू द्यावी. मऊ पडलेला प्राणी ती खाऊन कॅल्शियम परत मिळवतो. या दिवसांत त्याला हात लावू नये. तुटलेली नांगीही पुढच्या काही कातींत पुन्हा उगवते. माशांच्या औषधांतील तांबे मात्र त्याला विषासमान असते. बाटलीवरील घटक वाचल्याविना एक थेंबही टाकू नये. नळाच्या पाण्यातील क्लोरीन आधी घालवावा.

टाकीबाहेर हाच प्राणी उपद्रवी ठरतो. अमेरिकेच्या लुइझियाना भागातील लाल क्रेफिश १९२७ मध्ये बेडकांचे खाद्य म्हणून जपानमध्ये नेण्यात आला आणि पुढे तेथील भातखाचरांत, तळ्यांत पसरला. २०२३ पासून जपानने त्याची विक्री व पाण्यात सोडणे यांवर बंदी घातली. पाळण्यास मुभा ठेवली. संगमरवरी क्रेफिशची कथा याहून विलक्षण. १९९० च्या दशकात जर्मनीतील हौशी मंडळींच्या टाक्यांत तो प्रथम दिसला. यात सर्व माद्याच, आणि त्या नराविना अंडी घालतात. म्हणजे एक सुटली तरी वसाहत उभी राहते. मादागास्करमध्ये नेमके तेच झाले. युरोपीय संघाने २०१६ मध्ये तो पाळण्यावरच बंदी आणली. अमेरिकी क्रेफिश स्वतः न मरता जो रोग वाहून नेतात, त्याने युरोपातील मूळ क्रेफिशच्या वसाहतीच्या वसाहती संपवल्या.

सह्याद्रीच्या ओढ्यांत गोड्या पाण्यातील खेकड्यांच्या कितीतरी स्थानिक जाती आहेत. हौस संपली म्हणून क्रेफिश तलावात, नाल्यात वा विहिरीत सोडू नये. तो दुकानदाराकडे परत द्यावा किंवा दुसऱ्या जाणत्या हौशी माणसाकडे सोपवावा. अंडी वा पिल्ले असलेल्या टाकीचे पाणी बदलताना ते गाळूनच ओतावे.