पावसाची टाळी

पावसाची टाळी कशी वाजवतात, हे स्काऊटमध्ये न गेलेल्याला सांगावं लागतं. डाव्या तळव्यावर आधी उजव्या हाताचं एकच बोट. टप टप. मग दोन बोटं, तीन, चार. पाचवं आलं की सर कोसळते. मग तशीच उतरत जायची, एका बोटावर यायची आणि थांबायची. शंभर मुलांनी नीट वाजवली तर डोळे मिटल्यावर पत्र्यावरचा पाऊस ऐकू येतो. ही टाळी शेकोटीची. नकला झाल्या, गाणं झालं की वाजवायची. भाषणाला ती वाजवत नाहीत.

आमच्या एका जिल्हा मेळाव्यात ती भाषणाला वाजली. निवडणूक तोंडावर होती. पाहुणे दहाला यायचे ते सव्वाला आले. तोवर मुलं दोनदा उठून उभी राहून खाली बसली होती, दोघं चक्कर येऊन तंबूत झोपली होती, आणि ध्वजाच्या घडीत बांधलेल्या झेंडूच्या पाकळ्या सुकून काळ्या पडल्या होत्या. पाहुण्यांनी दोरी ओढली, पाकळ्या पडल्या, सलामी झाली. पहिली दोन मिनिटं शिस्तीवर गेली. पुढची पस्तीस कॅनॉलच्या पाण्यावर, रखडलेल्या रस्त्यावर आणि ‘समोरच्या’ उमेदवारावर. शेवटी सातवी-आठवीच्या पोरांना त्यांनी सांगितलं, की घरी गेल्यावर आईवडिलांना आमचं चिन्ह सांगा. आणि टाळ्यांसाठी थांबले.

तिसऱ्या रांगेतल्या माझ्या एका संघनायकानं एक बोट तळव्यावर टेकवलं. शेजाऱ्यानं पाहिलं. बघता बघता मैदानभर टप टप सुरू झाली. पाहुणे गोंधळले. सर आली तेव्हा खुलले, हात वर केला. सर ओसरायला लागली तसा त्यांचा हातही खाली आला. मग जी शांतता पसरली तिच्यात बोलायला त्यांना काही सुचेना, आणि भाषण संपलं.

माझ्याकडून लेखी खुलासा मागवला गेला. मी दोनच ओळी लिहिल्या: टाळी पथकाच्या नियमाप्रमाणे होती, बोटांचा क्रम चुकला नव्हता. खुलासा मागवणाऱ्या साहेबांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, “सर, तुम्ही मुलांना राजकारण शिकवता काय?”

पस्तीस मिनिटांत मतं मागून झाली, ते राजकारण नव्हतं. टाळी राजकारण ठरली. त्या वेळी मला याचा राग आला होता. पुढे वाचत गेलो तेव्हा कळलं, की आमचे साहेब बिचारे नवीन काहीच बोलले नव्हते. ‘इथं राजकारण नको’ हे वाक्य या चळवळीत पहिल्यापासून आहे, आणि राजकारण कशाला म्हणायचं हे पहिल्यापासून व्यासपीठावरची माणसं ठरवत आली आहेत.

चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांनी ब्राउन्सी बेटावर मुलांचं पहिलं शिबिर भरवलं ते १९०७ साली. पुढच्या वर्षी त्यांचं पुस्तक आलं, आणि १९०९ मध्ये बंगळूरला कॅप्टन बेकर यांनी हिंदुस्थानातलं पहिलं पथक काढलं. ते गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. आपल्या मुलांना दार बंद. कारण समजायला त्याच वर्षीचा डिसेंबर पुरे. नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडणारा अनंत कान्हेरे विशीतही पोहोचला नव्हता. अशा वयाच्या पोरांना रांगेत चालायला, माग काढायला, खुणांनी निरोप द्यायला सरकारनंच शिकवायचं? सरकारच्या जागी मी असतो तर मीही दोनदा विचार केला असता.

दार बंद म्हटल्यावर लोकांनी आपापली दारं काढली. मध्य प्रांतात विव्हियन बोस यांनी हिंदी मुलांसाठी स्काऊटिंग सुरू केलं. हेच पुढे नागपूर हायकोर्टाचे आणि नंतर सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती. मद्रासकडे ॲनी बेझंट आणि अरुंडेल यांनी स्वतःची संघटना उभारली, पोरांच्या डोक्यावर हॅटऐवजी फेटा बांधला. होमरूलची चळवळ चालवणारीही हीच बाई, आणि १९१७ मध्ये सरकारनं तिला उटीला स्थानबद्ध केलं. उत्तरेत श्रीराम बाजपेयी, पंडित मालवीय आणि हृदयनाथ कुंझरू यांची सेवा समिती स्काऊट संघटना होती. कुंझरू अलाहाबादचे खरे, पण माणूस गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचा, म्हणजे निम्मे पुण्याचेच. सभागृहात सरकारला आकड्यांत धरून बोलायचं, आणि मैदानावर पोरांना गाठी बांधायला शिकवायच्या.

१९२१ मध्ये बेडन-पॉवेल इकडे आले ते या सगळ्यांना एका छत्राखाली आणायला. बेझंटबाई आपली पथकं घेऊन आत गेल्या. सेवा समिती बाहेर राहिली. अडलं कशावर, तर वचनातल्या एका शब्दावर: राजा. ईश्वर, राजा आणि देश यांच्याशी एकनिष्ठ राहीन असं वचन प्रत्येक मुलानं तीन बोटं वर करून द्यायचं होतं. गांधींची असहकार चळवळ पेटली असताना दहा-बारा वर्षांच्या पोराच्या तोंडी राजनिष्ठा घालणं, हे राजकारण नव्हतं. तो शब्द गाळा म्हणणं हे मात्र राजकारण होतं. माझ्या खुलाशाची गोष्ट इथं जुळते म्हणून सांगितली.

१९३७ च्या फेब्रुवारीत बेडन-पॉवेल पुन्हा आले. दिल्लीला अखिल भारतीय जांबोरी, म्हणजे स्काऊटांचा मोठा मेळावा, भरली होती, त्यांना ऐंशी वर्षं पुरी होत होती. या दौऱ्यानंतर त्यांचे उद्गार बाहेर आले, की हिंदी लोकांना ‘ऑनर’ ही चीज ठाऊक नाही, त्यांच्या भाषेत त्याला शब्दच नाही. स्काऊटचं इंग्रजी वचनच ‘ऑनर’च्या शपथेवर उभं. म्हणजे आमच्या पोरांनी वीस वर्षं ज्याची शपथ घेतली, ते त्यांच्याकडे नव्हतंच! अब्रू, इभ्रत, पत, लाज, मान, नाक; माझ्या आजीकडे सकाळच्या भांडणापुरतेसुद्धा पाच-सहा शब्द असायचे. म्हातारबुवांनी एखाद्या मराठी घराच्या ओट्यावर अर्धा तास बसायला हवं होतं. त्या उद्गारांनी लोक दुखावले, अनेकांनी पथकं सोडली, आणि १९३८ मध्ये सेवा समितीसह हिंदुस्थान स्काऊट असोसिएशन उभी राहिली. एखाद्या पक्षाच्या पुढाऱ्याला जमलं नसतं ते राजकारणापासून दूर असलेल्या माणसाच्या एका वाक्यानं केलं.

स्वातंत्र्यानंतर मौलाना आझादांच्या पुढाकारानं वाटाघाटी झाल्या, ७ नोव्हेंबर १९५० ला भारत स्काऊट्स झाली, पुढच्या ऑगस्टमध्ये गाईड्सही आल्या. वचनातला राजा गेला; ईश्वर आणि देश उरले, आणि ईश्वर नको असलेल्याला धर्म म्हणायची मुभा मिळाली. शब्दांवर इतका विचार झाला. प्रमुख पाहुण्याच्या खुर्चीवर मात्र कोणी विचार केला नाही. तिच्यावर गोरा साहेब बसायचा, तिथं आता आमचे लोक बसू लागले, एवढंच.

२०१७ च्या जुलैत अमेरिकेतल्या जांबोरीची बातमी वाचली तेव्हा मला त्या सुकलेल्या पाकळ्याच आठवल्या. अमेरिकेची गोष्ट आपल्यापेक्षा निराळी आहे. तिथला राष्ट्राध्यक्ष टाफ्टपासून स्काऊट संघटनेचा मानद अध्यक्ष असतो. म्हणजे पाहुणा म्हणून त्याला टाळायची सोयच नाही. पहिली राष्ट्रीय जांबोरी १९३५ ला व्हायची होती, पोलिओच्या साथीमुळे रद्द झाली. रद्द झाल्याचं मुलांना रेडिओवरून सांगणारे रूझवेल्ट स्वतः पोलिओनं पांगळे झालेले. १९२१ मध्ये त्यांना ताप आला त्याच्या थोडे दिवस आधी ते बेअर माउंटनच्या स्काऊट शिबिराला भेट देऊन आले होते, आणि विषाणू तिथेच लागला असावा असं बऱ्याच इतिहासकारांचं मत आहे. एवढं होऊनही त्यांनी मुलांचा राग धरला नाही. १९३७ मध्ये जांबोरी अखेर वॉशिंग्टनला भरली, वॉशिंग्टन स्मारकाच्या पायथ्याशी तंबू लागले, सत्तावीस हजारांच्या आसपास मुलं.

१९५० ला व्हॅली फोर्जच्या मैदानावर ट्रूमन बोलले तेव्हा कोरियाचं युद्ध सुरू होऊन पाच दिवस झाले होते. शेकोटीभोवती बसलं की समोरचा माणूस कसा आहे हे कळतं, जगाचे प्रश्न सोडवायची सुरुवात तिथून होते, असं त्यांनी मुलांना सांगितलं. चौदा वर्षांनी त्याच मैदानावर जॉन्सन आले. गोल्डवॉटर यांना रिपब्लिकनांची उमेदवारी मिळून आठवडा झाला होता, आणि सरकारचा पसारा कमी करा हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. जॉन्सन यांनी गोल्डवॉटर यांचं नाव न घेता मुलांना सांगितलं, की सरकार लोकांचं वैरी नसतं, लोक म्हणजेच सरकार. नागरिकशास्त्राच्या पुस्तकातलं वाक्य. मी ते वर्गात अनेकदा शिकवलंय. पण जुलै १९६४ मध्ये ते कोणाला उद्देशून होतं, हे मागं उभ्या असलेल्या स्काऊट मास्तरांना कळलंच असणार. जुने अध्यक्ष मुलांसमोर पोथी वाचत आणि नवा एकटाच बिघडला, असं मी म्हणणार नाही. पण कोपरखळी वेगळी आणि कुस्ती वेगळी.

२४ जुलै २०१७ ला वेस्ट व्हर्जिनियातल्या समिट बेक्टेल रिझर्व्हवर कुस्ती झाली. प्रचारात ऐकलेल्या दुही माजवणाऱ्या घोषणा देऊ नका, पाणी पीत राहा, असं मुलांना आधीच बजावून ठेवलं होतं. मुलांसमोर राजकारण कोण बोलतं, असं सुरुवातीलाच विचारून ट्रम्प यांनी निवडणुकीच्या रात्रीचा नकाशा, पत्रकार, आरोग्य विमा कायदा असं सगळं काढलं. आरोग्यमंत्री प्राइस बाजूलाच उभे होते. मतं मिळवली नाहीस तर तुला काढून टाकीन, असं त्यांना गमतीत म्हटलं. ओबामा जांबोरीला आले होते का, असं विचारल्यावर मुलांमधून हुर्यो उठली. खरं म्हणजे २०१० मध्ये शताब्दीच्या जांबोरीला ओबामांनी चित्रफीत पाठवली होती, स्वतः गेले नव्हते. तीन दिवसांनी संघटनेचे मुख्य अधिकारी मायकल सर्बॉ यांनी दुखावलेल्या स्काऊट परिवाराची माफी मागितली. दरम्यान ट्रम्प म्हणाले होते, की संघटनेच्या प्रमुखाचा फोन आला होता, आजवरचं सर्वांत उत्तम भाषण म्हणाले. असा फोन कोणी केल्याचं आम्हाला माहीत नाही, असं संघटनेनं सांगितलं.

वर्तमानपत्रांनी हुर्यो करणाऱ्या मुलांना बोल लावला. मला तो पटला नाही. चाळीस हजार पोरं उन्हात बसवलीत, व्यासपीठावरून कोणी दम घेतला की आवाज करायचा हे त्यांना आपणच शिकवलं. माझ्या पोरांकडे निदान दुसरी टाळी होती.

त्या बातम्यांमध्ये मला एक गोष्ट सापडली, ती मी वहीत उतरवून घेतली. अमेरिकेतल्या स्काऊटनं गणवेशात राजकीय सभेला ध्वज न्यायला हरकत नाही. पण ध्वजाचा कार्यक्रम झाला की त्यानं व्यासपीठावरून उतरून निघून जायचं, कॅमेऱ्यात दिसेल अशा जागी उभं राहायचं नाही. नियम चांगला. मुलं सभेला गेली तर काय, हे त्यात आहे. सभाच मुलांकडे आली तर काय, हे नाही.

मी निवृत्त व्हायच्या आदल्या हिवाळ्यात आमचा शेवटचा मेळावा झाला. पाहुणे वेगळे, पक्ष वेगळा, उशीर तेवढाच. ध्वज वर गेला, या वेळी पाकळ्या ताज्या होत्या. सलामी झाली. पाहुण्यांनी माईक हातात घेऊन दोनदा फुंकला, तेवढ्यात मी शिट्टी दिली आणि पथकाला पाणी प्यायला नेलं. कोणाला काही म्हणता येईना, ऊन होतंच. मुलं टाकीशी रांगेत उभी राहिली, स्कार्फ भिजवून मानेवर घातले, बाटल्या भरल्या. घाई करू नका म्हटलं. एकानं विचारलं, “सर, भाषण?” मी म्हटलं, आधी तू पाणी पी.

मंडपवाल्यानं कर्णे बांधताना एकाचं तोंड टाकीकडे केलं होतं. प्रत्येक शब्द ऐकू येत होता.