व्हॅनमागे ट्रेलर : एक तळटीप

७. इंजिनात दम आहे म्हणून कोलकात्याच्या सॉल्ट लेकमधल्या मोठ्या प्रवासी व्हॅनने राहण्याचा ट्रेलर खुशाल ओढावा, हा मूळ मजकुरातला निष्कर्ष अपुरा आहे. प्रश्न ओढण्याचा नाही, पेलण्याचा आहे. ट्रेलरच्या वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भाग जोडणीच्या हुकवर टेकतो. समजा, १,५०० किलोच्या ट्रेलरचे १८० किलो हुकवर आले, हुक मागच्या आसाच्या १.२ मीटर मागे आहे आणि दोन आसांत ३.६ मीटर अंतर आहे. तर मागच्या आसावर २४० किलो चढतात, पुढचा ६० किलोंनी हलका होतो आणि स्टिअरिंगची पकड सैल पडते. लांब व्हॅन स्थिर चालते, हा आक्षेप अर्धाच खरा : लांबीचा बराच भाग मागच्या चाकांपलीकडे लोंबत असतो. शिवाय सीटा भरलेल्या. अमेरिकेच्या रस्तेसुरक्षा खात्याने २००१ मध्ये इशारा दिला होता की, १५ आसनी व्हॅनमध्ये दहा किंवा अधिक माणसे असली, तर एकट्या गाडीच्या अपघातात ती उलटण्याचे प्रमाण जवळपास तिप्पट होते. सॉल्ट लेकच्या गोल चौकांत ट्रेलर आतून वळण कापतो, ते निराळेच. तेव्हा ट्रेलर जोडायचाच, तर मागच्या सीटा रिकाम्या ठेवाव्यात. नाहीतर आपल्याकडे करतात तशी व्हॅनचीच कॅरॅव्हॅन करून घ्यावी. — संपादक