चाळिसावी प्रश्नपत्रिका

स्मरणिकेसाठी 'तुझ्या क्षेत्रातलं काहीतरी लिही, पण सगळ्यांना समजेल असं' असा निरोप संपादक मंडळाकडून आला, तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. माझं काम कागद मोजणाऱ्या यंत्रांचं सॉफ्टवेअर लिहिण्याचं. गठ्ठ्यातले कागद कॅमेऱ्याने मोजायचे आणि हवे तितके वेगळे काढायचे. घरातसुद्धा कुणी याबद्दल दुसरा प्रश्न विचारत नाही. मग संमेलनाच्या निमंत्रितांची यादी आली आणि तिच्यात आपल्या शिपाई मामांचं नाव दिसलं. तेव्हा ठरवलं, लिहायचं. कागद मोजण्याचा इतिहासच लिहिते, पण त्यातलं एक पान आपल्या शाळेचं आहे.

१९९५ च्या आमच्या दहावीच्या तुकडीला आठवत असेल. पूर्वपरीक्षेत बीजगणिताच्या पेपरला वर्गात एक प्रश्नपत्रिका कमी पडली. मुलं चाळीस आणि वाटल्या गेल्या एकोणचाळीस. शेवटच्या बाकावरच्या मुलाला बाईंनी स्वतःजवळची हस्तलिखित प्रत दिली आणि परीक्षा पार पडली. पण पेपर फुटला अशी कुजबुज दुपारच्या सुट्टीपर्यंत शाळाभर झाली. प्रश्नपत्रिका आदल्या संध्याकाळी मामांनी मोजून, चाळिसाचा गठ्ठा बांधून कपाटात ठेवल्या होत्या आणि किल्ली त्यांच्याकडे होती. मामांना कार्यालयात बोलावलं गेलं. त्यांच्याकडून लेखी खुलासा घेतला आणि त्या वर्षापासून परीक्षेचं काम त्यांच्याकडून काढून घेतलं. 'मी दोनदा मोजल्या, चाळीसच होत्या,' एवढंच ते म्हणत राहिले.

मामांचं मोजणं आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. गठ्ठा उभा धरायचा, दोन्ही हातांनी किंचित पिळून कोपरा पंख्यासारखा पसरायचा आणि अंगठ्याने पाच-पाच कोपरे सोडत जायचे. बाई मात्र जिभेला बोट लावून एकेक मोजायच्या. तेव्हा वाटायचं, मामा नुसती ऐट करतात. पुढे कळलं की जगभरच्या छापखान्यांत जुने कारागीर कागद असेच मोजत.

जूनमध्ये आपण वह्यांसाठी दस्ते आणायचो. दस्ता म्हणजे चोवीस ताव, आणि वीस दस्त्यांचं एक रीम, म्हणजे ४८० ताव. दस्ता हा शब्द फारसी, 'दस्त' म्हणजे हात, तेव्हा हातात मावेल तेवढा कागद. रीम आपण इंग्रजीकडून घेतलं, पण त्याचं मूळ अरबीत आहे. 'रिज्मा' म्हणजे गाठोडं. तिथून स्पेन आणि फ्रान्स असा प्रवास करत तो इंग्लंडला पोचला. नंतर हिशेबाला सोपं म्हणून रीम पाचशेचं झालं. छापखान्याचं म्हणून एक वेगळं रीम असे, ते ५१६ तावांचं. छपाईत काही ताव खराब होणारच, हे त्यात आधीच धरलेलं. मला हा आकडा फार आवडतो. आमच्या शाळेला एका वर्गामागे दोन प्रश्नपत्रिका जादा छापायचं सुचलं असतं, तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

फ्रान्समध्ये लुई-निकोला रोबेर याने १७९९ मध्ये सलग कागद काढणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. त्याआधी प्रत्येक ताव चाळणीवर हाताने उचलला जाई, म्हणजे कागद बनतानाच मोजला जात होता. यंत्रातून कागद धो-धो येऊ लागला आणि मोजणं हे वेगळं काम झालं. गिरण्यांत ते बायकांकडे आलं. ताव तपासायचे, डागाळलेले बाजूला काढायचे, मोजून गठ्ठे बांधायचे. अमेरिकेत यादवी युद्धाच्या काळात कागदी नोटा निघाल्या तेव्हाही हेच झालं. तिथल्या सरकारी खजिन्याचे प्रमुख फ्रान्सिस स्पिनर यांनी १८६२ मध्ये छापील तावांतून नोटा कात्रीने कापायला स्त्रिया नेमल्या, पुढे नोटांच्या मोजणीतही स्त्रिया आल्या. पगार वर्षाला ६०० डॉलर, पुरुष कारकुनाला कमीत कमी त्याच्या दुप्पट. बायकांची बोटं चपळ असतात, असं कौतुक तेव्हाही होत असणार. कौतुकाचे पैसे पडत नाहीत.

आपल्याकडे नोटा इंग्लंडहून छापून येत. नाशिक रोडची करन्सी नोट प्रेस १९२८ मध्ये सुरू झाली आणि नोटा इथे छापल्या जाऊ लागल्या. अशा छापखान्यात ताव एका विभागातून दुसऱ्या विभागात जाताना मोजून द्यायचा आणि मोजून घ्यायचा असतो. खराब झालेला तावसुद्धा हिशेबात दाखवावा लागतो. एक कमी भरला तर प्रश्न कागदाचा राहत नाही, माणसाच्या इमानाचा होतो. मामांच्या बाबतीत नेमकं तेच झालं.

नोटा मोजायची यंत्रं अमेरिकेत १९२० च्या दशकातच आली होती. बँकेच्या खिडकीमागे आज जे यंत्र फरफर करतं, त्याचं काम तसं साधं आहे. रबरी रूळ घर्षणाने एकेक नोट ओढून घेतो, मध्ये प्रकाशाचा किरण असतो, तो जितक्या वेळा तुटला तितक्या नोटा. अडचण एकच. दोन नोटा चिकटून गेल्या तर किरण एकदाच तुटतो. म्हणून किरण तुटला का याच्या जोडीला पलीकडे किती प्रकाश पोचला हेही बघतात. दोन कागदांतून तो कमी पोचतो. छपाईच्या यंत्रांत हल्ली ध्वनिलहरी वापरतात. त्या कानाला ऐकू येत नाहीत. दोन कागदांमध्ये हवेचा पातळ थर असला तरी आवाज एकदम मंदावतो.

दुसऱ्या जातीचं यंत्रही आपल्या बँकांत दिसतं. त्यात पॅकेटचा पट्टा न सोडता गठ्ठा तसाच अडकवतात. कोपऱ्याशी फिरणारं एक चक्र हवा ओढून एकेक कोपरा सुटा करून पुढे टाकतं आणि मोजतं. बाकी गठ्ठा जागचा हलत नाही. हे यंत्र प्रथम पाहिलं तेव्हा मला हसूच आलं. हे तर आपले मामा.

नोटांच्या पॅकेटला स्टेपलच्या पिना मारत तेही आठवत असेल. पिना काढताना नोट फाटायची आणि नखही. नोव्हेंबर २००१ मध्ये रिझर्व्ह बँकेने त्या बंद करायला लावल्या. स्वच्छ नोटांचं धोरण होतंच, पण भोकं पडलेल्या, फाटक्या नोटा यंत्राला चालत नाहीत हेही खरं. रिझर्व्ह बँकेची मोठी यंत्रं ताशी ५० ते ६० हजार नोटा मोजतात, खऱ्या-खोट्या पारखतात, बऱ्या आणि टाकाऊ वेगळ्या करतात आणि टाकाऊ नोटांचा तिथल्या तिथे चुरा करतात. तरीही नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतर १५.४१ लाख कोटींपैकी १५.३१ लाख कोटी रुपयांच्या नोटा परत आल्या, हा आकडा छापून यायला ऑगस्ट २०१८ उजाडला.

आता माझं क्षेत्र. आतापर्यंतच्या सगळ्या यंत्रांना मोजण्यासाठी कागद निदान कोपऱ्यापुरता तरी सुटा करावा लागतो. गठ्ठ्याला हात न लावता मोजायचं तर एक जुना मार्ग वजनाचा. तो आपल्या हवेत फसतो. कागद दमट हवेत पाणी पितो. पाचशे तावांचं वजन एक टक्क्याने वाढलं की हिशेबात पाच ताव जास्त येतात. उंचीचंही तसंच, दाबलं की कमी, सोडलं की जास्त.

१९६९ मध्ये अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी शोधलं. प्रकाशाचं विजेत रूपांतर करणाऱ्या बारीक ठिपक्यांची ती ओळ. त्याबद्दल २००९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. या शोधामुळे कॅमेऱ्याचं चित्र थेट आकड्यांत मिळू लागलं. गठ्ठ्याच्या बाजूवर तिरपा प्रकाश टाकायचा आणि कडेचा फोटो घ्यायचा. कागदाची कड उजळ दिसते, मधली फट काळी. उजळ रेघा मोजा, झालं.

झालं कुठलं! आपल्या झेरॉक्सचा कागद साधारण एक दशांश मिलिमीटर जाड, पाचशेंची चवड पाच सेंटिमीटर. एका कागदासाठी निदान दोन ठिपके हवेत, एक कडेसाठी आणि एक फटीसाठी. प्रत्यक्षात पाच-सहा असल्याशिवाय मी सही करत नाही. म्हणजे अडीच-तीन हजार ठिपके, तेही भिंग जराही न थरथरता. रेघा किती अंतराने येतात हे काढायला गणित आहे. १९६५ मध्ये कूली आणि ट्यूकी यांनी ते झटपट करायची रीत दिली. पण त्यातून सरासरी कळते. 'सुमारे पाचशे' असं उत्तर गिऱ्हाईक घेत नाही. ४९९ की ५००, यासाठी शेवटी एकेका रेघेपाशी जाऊन बसावं लागतं. मोजून झालं की पाचशेव्या फटीत एक पातळ पट्टी शिरते, हवेचा झोत सुटतो आणि वरचा गठ्ठा अलगद उचलला जातो. मोजणं माझं, उचलणं मेकॅनिकलवाल्यांचं. भांडणं दोघांत मिळून.

आमचं एक यंत्र मे महिन्यात अचूक चाललं आणि जुलैत एक-दोन जास्त मोजू लागलं. पावसाळी हवेने कागदाला लाटा आल्या होत्या. गठ्ठ्याचा तीन ठिकाणी फोटो घेऊन तिघांचं उत्तर जुळवायला लावलं, तेव्हा निभावलं. दुसऱ्या एका कारखान्यात उलटं झालं. आकडा बरोबर येई, पण काढलेल्या गठ्ठ्यांत कधी एक जास्त, कधी एक कमी. मी दोन दिवस माझंच सॉफ्टवेअर तपासत बसले. शेवटी तिथल्या बाइंडिंगच्या एका जुन्या कारागिराने गठ्ठ्याच्या कडेवरून नख फिरवलं आणि म्हणाला, 'ताई, पातं बोथट झालंय.' बोथट पात्याने कागद कापला जाताना कड दबते आणि शेजारचे दोन कागद त्या कडेला एकमेकांत रुततात. कोपरे सुटे, कड चिकटलेली. कॅमेऱ्याला दोन दिसतात, पण उचलताना एकाबरोबर दुसरा येतो. त्याने माझ्यासमोर दोन कागद सोडवले. शिवण उसवावी तसा बारीक आवाज आला.

तो आवाज मी आधी ऐकलेला होता.

बीजगणिताच्या पेपराच्या दिवशी घरी येऊन प्रश्नपत्रिका दप्तरातून काढली, तेव्हा एका कडेने ती अशीच उसवली आणि माझ्या हातात दोन आल्या. छापील, दोन्ही बाजूंनी अगदी सारख्या. तीन तासांत मला ते कळलं नव्हतं. मामांबद्दल शाळेत काय चाललं आहे, ते मला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी बाईंना द्यायची असं ठरवून मी ती भूगोलाच्या पुस्तकात ठेवली. मग वाटलं, मीच चोरली म्हणतील. गणितात मला नेहमी चांगले गुण पडत, ते कसे पडतात तेही विचारतील. पहाटे पाणी तापवायला आई बंब पेटवत होती. मी प्रश्नपत्रिका त्यात टाकली.

पुढे इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की मामांची मोजणीत चूक झाली आणि माझ्याकडे एक जास्त आली, बस. त्या कारखान्यात उभी असताना हिशेब मांडला आणि तोही आधार गेला. दोन कागद एक धरून त्यांनी मोजले असते, तर गठ्ठ्यात एकेचाळीस भरल्या असत्या आणि जोडी माझ्याकडे येऊनही सगळ्यांना पुरल्या असत्या. कमी पडली, याचा अर्थ गठ्ठ्यात चाळीसच होत्या. मामा कोपरे पसरून मोजत होते, त्यांना दोन दिसल्या आणि त्यांनी दोन धरल्या. चिकटलेल्या दोन एकदम उचलल्या गेल्या त्या वाटताना. ज्यांना हे वाचून वाईट वाटेल त्या बाईंची मी आधीच क्षमा मागते. उभ्या उभ्या पेपर वाटताना ते कुणालाच कळलं नसतं. मला मात्र त्याच संध्याकाळी कळलं होतं.

त्या दिवशी कपाटाच्या किल्लीवरून मामांना चिडवणाऱ्यांत आपल्यापैकी बरेच जण होते. नावं लिहीत नाही. त्यांतही मी होते.

मामांचा तो खुलासा शाळेच्या जुन्या फायलींत अजून आहे, असं कार्यालयातून कळलं. त्यांची मोजणी बरोबर होती आणि चाळिसावी प्रश्नपत्रिका माझ्याकडे होती, असा अर्ज मी माझ्या सहीने मुख्याध्यापकांना दिला आहे. तो त्याच फायलीत खुलाशाला जोडायचं त्यांनी मान्य केलं आहे. स्मरणिका संमेलनाच्या दिवशी सकाळी वाटली जाईल. मामांना हे छापील पानावरून कळू नये, म्हणून मी आदल्या संध्याकाळीच गावात पोचते आहे. त्यांचं घर जुन्या पोस्टाच्या मागेच आहे ना, एवढं कुणीतरी मला कळवा.