रुग्णांची ग्वाही

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी आयोवा संस्थानात, मिसिसिपीच्या काठी वसलेल्या डॅव्हनपोर्ट शहरी, १८९५ च्या सप्टेंबरात एक घटना घडली, किंवा निदान घडल्याचे सांगण्यात आले. डॅनियल डेव्हिड पामर हा पूर्वी शाळामास्तरकी आणि किराण्याचे दुकान करून पाहिलेला आणि त्या सुमारास हस्तस्पर्शातील कथित चुंबकशक्तीने रोग घालविणारा गृहस्थ. त्याने आपल्या इमारतीत झाडलोट करणाऱ्या हार्वे लिलार्ड नावाच्या कृष्णवर्णीय मनुष्याच्या पाठीतला एक मणका हाताचा झटका देऊन जागेवर बसविला, आणि सतरा वर्षे बहिरा असलेला लिलार्ड ऐकू लागला, अशी ती हकीकत आहे. लिलार्डच्या कन्येने पुढे सांगितलेली कथा निराळी आहे: तिचा बाप कोणाला विनोद सांगत होता, तो ऐकून खूश झालेल्या पामरने त्याच्या पाठीत हातातले पुस्तक हाणले, आणि काही दिवसांनी त्याला ऐकू येण्यात फरक वाटला. शारीरशास्त्राकडे कैफियत मागितली, तर श्रवणाचा मज्जातंतू कवटीच्या आतल्या आत कानाकडून मेंदूकडे जातो, पाठीच्या मणक्यांशी त्याचा संबंध येत नाही, एवढेच ते शास्त्र सांगेल. परंतु लिलार्डने स्वतः आपल्याला गुण आल्याचे लिहून दिले, पामरने ते लेखी निवेदन आपल्या पत्रकात छापले, आणि कायरोप्रॅक्टिक नावाच्या व्यवसायाचा पाया त्या निवेदनावर घातला गेला. त्यानंतरच्या शंभर वर्षांत हा व्यवसाय ज्या ज्या प्रसंगातून तरला, त्या प्रत्येक प्रसंगी त्याच्या बाजूने उभा राहिलेला मुख्य साक्षीदार समाधान पावलेला रुग्ण हाच होता. शास्त्र बहुधा प्रतिपक्षाकडे होते.

ही अवस्था काही अमेरिकेपुरती नव्हती, आणि तेथे ती प्रथम उद्भवलीही नव्हती. इंग्लंडात अठराव्या शतकात एप्सम गावी सॅरा मॅप नावाची एक बलदंड बाई हाडे बसवीत असे आणि लंडनचे प्रतिष्ठित लोक तिच्याकडे जात. पुढे १८६७ साली सर जेम्स पॅजेट या नामांकित शस्त्रवैद्याने आपल्या व्यवसायबंधूंपुढे हाडवैद्यांना बऱ्या करता येणाऱ्या दुखण्यांवर एक व्याख्यान दिले, आणि तुम्हांपैकी बहुतेकांना कधी ना कधी असा प्रतिस्पर्धी भेटणारच, तेव्हा त्याच्या रीतीतले चांगले असेल ते शिकून घ्या व वाईट असेल ते टाळा, असे बजावले. चार वर्षांनी व्हार्टन हूड या डॉक्टराने रिचर्ड हटन नामक हाडवैद्याकडून प्रत्यक्ष शिकून घेतलेली ती विद्या लिहून प्रसिद्ध केली. पॅजेटचा उपदेश ऐकणारा हूडसारखा एखादाच. बाकीच्यांनी तिरस्कारातच समाधान मानले. आपल्याकडेही हाडवैद्य आहेत, तालमीतले वस्ताद आहेत, आणि कंबरेत उसण भरली असता पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घेण्याची चाल आहे. पायाकडून जन्मास येणे एवढीच ज्याची वैद्यकीय अर्हता, त्याच्याकडून उठलेला शेतकरी ‘उतार पडला’ म्हणाला, तर ते विधान खोडून काढण्याचे साधन कोणत्याही पदवीधरापाशी नसते. उसण बहुधा आपल्या आपणच जाते, हे त्या शेतकऱ्याला ठाऊक नसते. आणि असले तरी वेदनेने ओणवा झालेला मनुष्य आपण होऊन जाणाऱ्या दुखण्याची वाट पाहत बसत नाही.

पामरने १८९७ साली डॅव्हनपोर्टात शाळा काढली, शिष्य तयार केले, आणि लवकरच वैद्यकीचा परवाना नसता रोग बरे केल्याबद्दल त्याच्यावर फिर्याद झाली. १९०६ साली त्याला साडेतीनशे डॉलर दंड, अथवा दंड न भरल्यास एकशे पाच दिवस कारावास, अशी शिक्षा फर्मावण्यात आली; दंड न भरता तो तत्त्वासाठी तुरुंगात जाऊन बसला, आणि तेवीस दिवसांनी तत्त्व बाजूला ठेवून, दंड भरून बाहेर पडला. शिष्य गुरूपेक्षा चिवट निघाले. १९०७ साली विस्कॉन्सिन संस्थानातील ला क्रॉस गावी शेगातारो मोरिकुबो या जपानी व्यावसायिकावर परवान्यावाचून ऑस्टिओपॅथी, म्हणजे हस्तोपचाराची एक दुसरी पद्धत, केल्याचा खटला भरण्यात आला. त्याचा वकील टॉम मॉरिस याने, आपला अशील करतो ती ऑस्टिओपॅथी नव्हेच, ती एक स्वतंत्र विद्या आहे, असा बचाव मांडला आणि ज्यूरीने मोरिकुबोला निर्दोष ठरविले. हा निकाल पुढील अनेक खटल्यांत ढालीसारखा वापरण्यात आला. परंतु माझ्या मते त्या खटल्यांत कायद्याच्या कोटिक्रमापेक्षा ज्यूरीच्या बाकावर कोण बसले होते याला अधिक महत्त्व होते. तेथे बसणारे गावचेच लोक असत, आणि आरोपीने ज्यांच्या पाठी सरळ केल्या ते साक्षीदार त्यांचेच शेजारी असत.

१९१३ साली कॅन्सस संस्थानाने या व्यवसायास परवाना देणारा पहिला कायदा केला. कॅलिफोर्नियात प्रकरण अधिक चिघळले. तेथे शेकडो व्यावसायिकांनी दंड भरण्याचे नाकारून तुरुंग पत्करला, आणि काहींचे रुग्ण तुरुंगाच्या दारी येऊन पाठ दाखवून जात, असे त्या काळचे वृत्तान्त सांगतात. अखेर १९२२ साली हा प्रश्न मतदारांपुढे ठेवण्यात आला, आणि मतदारांनी, म्हणजे पुन्हा रुग्णांनी व रुग्णांच्या नातलगांनी, कायदा मंजूर केला. सर्व संस्थानांत परवाना मिळण्यास मात्र १९७४ उजाडले. लुइझियाना सर्वांत शेवटी आले.

संस्थापकाचा पुत्र बार्टलेट जोशुआ पामर याने व्यवसायाचा विस्तार केला. हा मनुष्य जाहिरातीच्या कलेत बापाहून शतपटीने सरस. नभोवाणी नवीन असतानाच, १९२२ साली, त्याने डॅव्हनपोर्टचे एक केंद्र विकत घेतले. 

अमेरिकन मेडिकल असोसिएशन या डॉक्टरांच्या संघटनेने १९६३ साली भोंदू वैद्यकीच्या निर्मूलनासाठी एक समिती नेमली. कायरोप्रॅक्टिकला प्रथम आवर घालावा आणि मग ते समूळ नाहीसे करावे, हा तिचा उद्देश समितीच्या दफ्तरातील कागदांवरून पुढे उघड झाला. असोसिएशनच्या नीतिनियमांनुसार डॉक्टराने अशास्त्रीय उपचार करणाऱ्याशी व्यावसायिक संबंध ठेवणे निषिद्ध होते. त्यामुळे रुग्ण पाठविणे, क्ष-किरण चित्रे दाखविणे, एकत्र व्याख्यान देणे, सर्वच बंद. १९६८ साली सरकारी अहवालानेही वृद्धांच्या आरोग्यविम्यात या उपचारास स्थान देऊ नये अशी शिफारस केली. असे असूनही १९७२ साली काँग्रेसने कायदा करून त्यास मर्यादित स्थान दिले. प्रतिनिधींच्या कचेऱ्यांवर रुग्णांच्या पत्रांचा जो वर्षाव झाला, त्यापुढे अहवालाचे काही चालले नाही. पुढे १९७६ साली चेस्टर विल्क आणि त्याचे चार सहकारी यांनी शिकागो येथे असोसिएशनविरुद्ध दावा लावला. पहिल्या सुनावणीत ते हरले, अपिलात फेरसुनावणीचा हुकूम मिळाला, आणि २७ ऑगस्ट १९८७ रोजी न्यायाधीश सुझन गेट्झेंडॅनर यांनी असोसिएशनला बेकायदा बहिष्काराबद्दल दोषी ठरविले. निवाड्याचा विजयघोष करणारे एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतात: कायरोप्रॅक्टिक शास्त्रशुद्ध आहे की नाही, याचा निर्णय आपण देत नाही, असे न्यायाधीशांनी स्वच्छ म्हटले होते.

तोवर रुग्णांच्या समाधानाचे मोजमाप करण्याची कल्पना डॉक्टरांनाच सुचली होती. १९७४ साली ‘लॅन्सेट’मध्ये रॉबर्ट केन आणि त्यांचे सहकारी यांनी युटातील कामगारांची पाहणी प्रसिद्ध केली. पाठीचे दुखणे कमी होण्यात डॉक्टर आणि कायरोप्रॅक्टर हे दोन्ही पक्ष बरोबरीचे ठरले, परंतु आपले आदराने स्वागत झाले आणि दुखण्याचा अर्थ आपल्याला समजावून सांगितला, असे म्हणणाऱ्यांत कायरोप्रॅक्टरांचे रुग्ण पुढे होते. १९८९ साली वॉशिंग्टन संस्थानातील पाहणीत कंबरदुखीच्या उपचाराने ‘अत्यंत समाधानी’ असणारे कायरोप्रॅक्टरांकडे शेकडा ६६ आढळले, तर कौटुंबिक डॉक्टरांकडे शेकडा २२. समोरचा आपल्या दुखण्याविषयी आस्था बाळगतो आणि त्याला त्या दुखण्याची भीती वाटत नाही, असे पहिल्या गटाला वाटले होते. यातला दुसरा मुद्दा डॉक्टरांना झोंबावा असा आहे. कारण कंबर धरून आत आलेल्या रुग्णाला पाहताच कपाळाला आठी घालणारे, दोन गोळ्या आणि विश्रांती लिहून पुढच्याला हाक मारणारे डॉक्टर सर्वत्र आहेत.

यावर एक रास्त आक्षेप आहे. स्वतःच्या इच्छेने आणि बहुधा स्वतःच्या खिशातून पैसे टाकून आलेला मनुष्य अनुकूल बोलणारच, आणि ज्याचे समाधान झाले नाही तो दुसऱ्या भेटीस येतच नाही. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या नॉर्थ कॅरोलायनातील १६३३ रुग्णांच्या पाहणीत हा आक्षेप दूर झाला नव्हता. तेथे कोणाकडेही गेले तरी बरे होण्यास लागणारा काळ जवळजवळ सारखाच आढळला, खर्च सामान्य डॉक्टरांकडे सर्वांत कमी, आणि समाधान कायरोप्रॅक्टरांकडे सर्वांत अधिक. तीन वर्षांनी डॅनियल चेर्किन यांनी ३२१ रुग्णांची, चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे, तीन गटांत वाटणी केली: एका गटाला कायरोप्रॅक्टिक, दुसऱ्याला फिजिओथेरपी, आणि तिसऱ्याच्या हाती केवळ एक माहितीपुस्तिका. पहिल्या दोन्ही गटांत सुमारे शेकडा ७५ जणांनी उपचार चांगला अथवा उत्कृष्ट म्हटला, पुस्तिकेच्या गटात सुमारे शेकडा ३०. परंतु दुखण्यातील फरक पाहू गेले तर तो किरकोळच होता, आणि दोन वर्षांचा खर्च पहिल्या दोघांवर माणशी चारशे डॉलरांहून अधिक, पुस्तिकेवर १५३.

हा प्रयोग मला सर्व मुकदम्यांपेक्षा अधिक बोलका वाटतो. मणका सरकल्याने रोग होतो, हा पामरचा सिद्धान्त समाधानाचे खरे कारण असता, तर त्या सिद्धान्तावाचून काम करणाऱ्या फिजिओथेरपीला तेच समाधान मिळाले नसते. पुढे लॉस एंजेलिस येथील २००२ च्या अभ्यासाने आणखी एक पायरी उलगडली: स्वतःची काळजी कशी घ्यावी हे कोणी सांगितले आणि उपचार काय चालला आहे हे कोणी समजावले, एवढे हिशेबात धरल्यावर डॉक्टर आणि कायरोप्रॅक्टर यांच्या रुग्णांतील समाधानाचे अंतर घटले. यावरून माझा निष्कर्ष असा, की रुग्णांची ग्वाही खोटी नव्हती, ती चुकीच्या फिर्यादीत दाखल करण्यात आली होती. लिलार्डपासून कॅलिफोर्नियाच्या मतदारांपर्यंत सर्वांनी पामरच्या सिद्धान्ताच्या बाजूने साक्ष दिली असे मानले गेले, प्रत्यक्षात ती डॉक्टरांच्या उतावळेपणाविरुद्धची तक्रार होती. त्या ग्वाहीला तिची मर्यादाही आहे, आणि ती लहान नाही: मानेला दिलेल्या झटक्यानंतर क्वचित रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत, आणि असा अपघात किती जणांच्या वाट्यास आला हे समाधानाच्या प्रश्नावलीतून कळत नाही.

२०१७ साली अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्याच संस्थेने कंबरदुखीसाठी जी मार्गदर्शिका काढली, तीत औषधांआधी शेक, मर्दन, सूचिवेध आणि मणक्यांवरील हस्तोपचार यांचा विचार करावा अशी शिफारस आहे; हस्तोपचारांच्या बाजूचा पुरावा कमी प्रतीचा असल्याची नोंद त्याच मार्गदर्शिकेत आहे, आणि नव्याने सुरू झालेली बहुतेकांची कंबरदुखी कोणताही उपचार केला तरी काळाने कमी होते, हेही तीत लिहिलेले आहे.